रशियन बाईची मूठ

रशियन बाईच्या डाव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं होती. त्याच हातात स्केटच्या पात्याचं प्लास्टिकचं कव्हर धरून ती माझ्या मुलीला स्केटिंग शिकवताना मारायची. दुबईतल्या मॉलच्या बर्फावर पडताना तन्वीनं पंजा उघडला, की बोटांवर फटका बसलाच. "मूठ! मूठ मिटून पड!"

मी रास अल खोरला ट्रकचे सुटे भाग विकतो. शारजातल्या रोल्लात अर्धी खाट भाड्यानं घेऊन सुरुवात केली, धक्के खाल्ले तसे दिलेही. माझ्या पोरीवर कुणी हात टाकलेला मला चालत नाही. पहिला फटका पाहिला आणि मी कठडा ओलांडून बुटांसकट बर्फावर शिरलो, बाईची कॉलर धरली. तिनं माझ्या पायाला पाय लावला. मी पालथा, पंजे पसरलेले. माझ्या करंगळीला खेटून तिचं पातं बर्फात रुतलं.

"बघ, असं पडायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या जोडीदाराचं पातं असंच आलं होतं. फक्त ते थांबलं नाही."

"बाबा, प्लीज गो होम," तन्वी ओरडली.

जोडीच्या स्केटिंगमध्ये पुरुष बाईला डोक्यावर उचलतो, फेकतो, झेलतो. बाई निसटली तर त्याचं पातं तिच्या मागोमाग येतंच. या बाईच्या गालावर कानापर्यंत व्रण होता. टाके घालून ती त्याच संध्याकाळी स्पर्धेत उतरली आणि पदक घेऊन आली. पण पुढे बोटं गेल्यावर पकड गेली. जोडीदाराला लगेच दुसरी मुलगी मिळाली. बाई दुबईत आली.

मी घासाघीस सोडणारा माणूस नाही. "मॅडम, पाचऐवजी दोन फटके मारा."

"नो डिस्काउंट, हबीबी."

"मग हळू मारा."

"पातं हळू येतं?"

रोज भांडण, रोज शिव्या. एकदा तिनं ते कव्हर कठड्यावर आपटून मोडलं. दुसऱ्या दिवशी नवं आणलं.

गेल्या हिवाळ्यात अबू धाबीच्या स्पर्धेत तन्वी जोडीदाराच्या डोक्यावरून निसटली. हनुवटी फुटली, मागोमाग त्याचं पातं तिच्या हातावरून गेलं. बर्फ लाल झाला. मी कठड्याशी गुरासारखा ओरडत होतो. बाई मात्र एकच विचारत होती, "बोटं?"

तन्वीनं फाटलेला, रक्तानं भिजलेला हातमोजा वर केला आणि मूठ उघडली. हाताची पाठ चिरली होती. बोटं सगळी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईचं कंत्राट संपलं. विमानतळावर मी तिला सोडायला गेलो तो भांडायलाच. "मारल्याशिवाय शिकवता येत नव्हतं? तुला तुझ्या कोचनं असंच मारलं होतं ना?"

"नाही," ती म्हणाली. "तो फार प्रेमळ होता. मला कधीच मारलं नाही."

आणि तिनं निरोपाला डावा हात पुढे केला.

तो हात मी धरला. राग मात्र अजून सोडलेला नाही.