घरात कोण रवलां नाय!

हसणार नाही असं वचन द्या, मग सांगते. नाही देणार? बरं, मग चहा तरी आधी संपवा, नाहीतर नाकातून येईल.

तर, मला अद्भुत कादंबऱ्यांचा नाद. परग्रह, राक्षस, उडती गलबतं, काहीही चालतं. फोंडाघाटची माझी मैत्रीण वर्षा आणि मी पुस्तकं अदलाबदल करतो आणि फोनवर एकमेकींना मतं ऐकवतो. माझी मतं म्हणजे काय विचारता! दोन सूर्यांच्या ग्रहावरची एक वाचली. म्हटलं, "वर्षा, चारशे पानं झाली, दोन-दोन सूर्य डोक्यावर, आणि एकही बाई आमसुलं वाळत घालत नाही! लेखकाने घर चालवलेलं दिसत नाही." दुसरीतल्या ड्रॅगनवर माझा जीव जडला, पण त्याची राणी भारी रडकी.

तिसरीवर मात्र चिडलेच. एका शहरातून सगळी माणसं निघून जातात आणि एका बाईला पत्ताच लागत नाही. का? तर ती पुस्तक वाचत बसलेली! "साफ खोटं गो!" मी वर्षाला म्हटलं. "ड्रॅगन मान्य केला मी, पण हे नाही. इतकं येडं कोण असतं?"

हे वाक्य लक्षात ठेवा हां.

आमच्या आचऱ्याला गावपळण असते. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव वेशीबाहेर झोपड्या घालून तीन दिवस राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी बाहेर. गाव देवासाठी मोकळा करून द्यायचा, मागे कुणीही राहायचं नाही. आमच्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, ह्या बाबतीत फार कडक. त्यांच्या घरचं कोंबडीचं पिल्लूसुद्धा कधी मागे राहिलेलं नाही, ह्याचा त्यांना केवढा अभिमान! यंदा गुडघे दुखत होते म्हणून शेवटची नजर फिरवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर विश्वास टाकला हो!

आमचे हे गुरं घेऊन सकाळीच पुढे गेले होते. दुपारी अंगणात टेम्पो भरून उभा. मी कोंबड्या मोजल्या, कोंबडा मोजला, मांजर पिशवीत कोंबलं. मग माळ्यावर गेले, तिथे कोण राहिलंय का बघायला.

तिथे पुस्तक राहिलं होतं.

समुद्राखालच्या राज्याची गोष्ट. एकच प्रकरण उरलेलं. खिडकीतून ऊन येत होतं, खारा वारा येत होता. म्हटलं, दोन मिनिटं! आणि मी बसल्या बसल्या पाण्याखाली गेले. निळा उजेड, पोवळ्यांचे वाडे, केसांत मासोळ्या माळलेल्या बायका... तेवढ्यात तिकडे युद्धाचे नगारे वाजायला लागले. काय लिहिलंय, म्हटलं, अगदी कानात वाजतायत!

कानातच वाजत होते. देवळातली नौबत होती ती, गाव सोडायची.

अंगणातून आईंची हाक आली, "अगो, घरात कोण रवलां नाय मां?"

मी पानावरची नजर न काढता ओरडले, "नाय आई, कोण नाय!"

बिचाऱ्या! सुनेचा शब्द तो. त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या, मी मागे सामानात चढले असं धरून चालल्या, आणि टेम्पो गेला. माझ्या फोनसकट.

पुस्तक संपवून खाली आले तर अंगण रिकामं. कुत्रं नाही, कावळा नाही, कुणाच्या मिक्सरची घरघर नाही. फक्त समुद्र, इतका जवळ ऐकू येत होता की जणू पडवीत येऊन बसलाय. माडांच्या सावल्या वाटेवर हलत होत्या. खरं सांगू? मला फार सुंदर वाटलं. आपण पाण्याखालून वर आलोय की अजून तिथेच आहोत, हेच कळेना. मी तशीच तरंगत तरंगत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले. बंद फळी बघितली आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

गावपळण! आणि मागे कोण राहिलं? आईंची सून!

घराला कुलूप घातलं आणि पळत सुटले. वाटेत त्या तिसऱ्या कादंबरीच्या लेखकाची मनातल्या मनात शंभरदा माफी मागितली. वेशीवरचा व्हाळ, म्हणजे ओढा, आला, पलीकडे झोपड्या, माणसांची ही गर्दी. म्हटलं, केवड्याच्या बनाआडून गुपचूप उतरावं, कुणाला कळायचं नाही. पण केवडा कसला गुपचूप राहतोय!

"थंय कायतरी हालता!" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

झालं! गावात माणूस नाही, मग हलतंय कोण? बायकांनी पोरं पोटाशी धरली. गावचे मानकरी दाजी हात जोडून काठावर आले आणि त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! थंय जा काय आसा, तेका थंयच रवाक सांग रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा काठ.

"आमच्या पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा काठ. आणि केवड्यातून मी.

अहो, लहानपणापासूनची सवय! गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं.

सगळ्या माना केवड्याकडे वळल्या. मग आई म्हणाल्या, "ह्यो तर आमच्या सुनेचो आवाज!"

मी बाहेर आले. केसांत काटे, काखेत पुस्तक.

"तूच सांगलंस मां, घरात कोण नाय म्हणान?"

"कोंबो मोजलंय, मांजार मोजलंय, आई..."

"आणि तू?"

"माका मोजूक इसारलंय."

सगळे खो-खो हसले. आमचे हे तर खालीच बसले. आई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला व्हाळात जीव द्यावासा वाटला. पण व्हाळाला पाणी घोट्याएवढं.

दाजींना दया आली. "चुकान रवली, आता भायर इली. देवाक सांगया." आईंनी डोळे पुसले आणि पुढे होऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. दाजींनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! लेकराचा काय चुकला माकला, ता पदरात घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि फुडची गावपळण येयपर्यंत ही बाय पुस्तकाक हात लावची नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं.