यादीत नसलेली धाप

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. आता सांगतेय म्हणजे पश्चात्तापाने विरघळलेय, असं समजू नका. मला राग आलाय. परवा मुलगी कुठल्याशा रिपोर्टबद्दल म्हणाली, कॉम्प्युटरनेच घोळ घातला गं आई. कॉम्प्युटरने? तो काय घोळ घालणार?

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात नोकरीला होते. केसपेपरवरचा मजकूर कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने त्यातून छातीचे पेशंट शोधायचे, असं काम. गोवंडीला आमचा आठवड्यातून एकदा छातीचा दवाखाना भरायचा. तो चालू ठेवायचा की बंद करायचा, हे माझ्या आकड्यावर ठरणार होतं.

प्रोग्रॅम साधा होता. दमा, खोकला, श्वास लागणं — यांच्या इंग्रजी शब्दांची यादी मी त्याला दिली होती. ज्या कागदात त्यातला शब्द सापडेल, तो पेशंट मोजायचा. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, बाईंनी महिन्यांचं काम दिवसांवर आणलं. वय बावीस. डोक्यात हवा जाणार नाही तर काय?

पण आकडा फारच कमी आला. मी कागद पुन्हा काढले — आणि दिसलं. गोवंडीचे शिकाऊ डॉक्टर पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत उतरवायचे, फक्त अक्षरं इंग्रजी. 'धाप लागता.' 'छाती भरान येता.' माझ्या यादीत धाप नव्हतीच. आम्ही मालवणकडचे, घरात रोज ऐकलेला शब्द — आणि मला सुचू नये? नाही सुचला. ती चूक झाली, आणि चुकीबद्दल मी कुणापुढे नाक घासणार नाही.

पण कळल्यावर? चार शब्द वाढवून प्रोग्रॅम परत चालवायचा, एका दुपारचं काम. मी केलं नाही. कारण मग मोठ्या डॉक्टरांना सांगावं लागलं असतं, की मी चुकले.

त्या कागदांत बाबलकाकांचा कागद होता. काका आमच्या चाळीत शेजारच्याच खोलीत राहायचे. गिरणी सुटल्यावर गोवंडीला भंगाराच्या गोदामात लागले होते. रिपोर्ट जायच्या आदल्या दिवशी ते जिन्यात बसले होते, दम खात. मला बघून म्हणाले, "बाय, माझो कागद गेलो मा तुझ्या मशिनीत?"

"गेला ना, काका," मी म्हटलं.

खोटं कुठे होतं? कागद मशीनमध्ये गेलाच होता. मोजला गेला नव्हता, एवढंच. पण ते त्यांनी विचारलं नव्हतं — बघा, आजही मी अशी बोलते.

रिपोर्ट गेला. दवाखाना बंद झाला. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन रांग लावणं काकांना झेपेना, मग ते कुठेच जाईनासे झाले. ते वारले तोवर, वर्षभर, त्यांची धाप आमच्या भिंतीतून ऐकू यायची. मी ती ऐकत जेवले. ऐकत झोपले. मशीनचा काय दोष? त्याला शोधायला सांगितलं, तेवढं त्याने शोधलं. माहीत असून गप्प बसले ती मी.

पुढच्या संशोधनाला 'धाप' हा शब्द मी यादीत पहिला घातला. पेशंटची भाषा जाणते हो ही मुलगी, असं मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले. आणि मी हसून मान खाली घातली.