भुकेची गोळी आणि ताटातलं वांगं

अचलपुराहून लग्न होऊन आले तेव्हा मी शेलाटी होते, असं सांगितलं तर आज कोणी विश्वास ठेवत नाही. अकोल्याला जठारपेठेत आमचं घर. नवरा वकील, सासरे निवृत्त मास्तर. माझी दोन बाळंतपणं झाली. मूल एकही जगलं नाही, डिंकाचे लाडू मात्र सगळे अंगी लागले. माडीचा जिना चढताना धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे आणि हळदीकुंकवाला बायका माझ्यासाठी मुद्दाम दुप्पट जागा सोडून हसायच्या.

ह्यांचं आणि माझं बोलणं म्हणाल तर जवळजवळ नव्हतंच. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही, ही घरची रीत होती. माडीवर गेलं की हे कागदपत्रांत डोकं घालत. पण घरात आणखी एक रीत होती. पुरुषांची पंगत उठली की बायकोनं नवऱ्याच्याच ताटात वाढून घ्यायचं. मला भरल्या वांग्याचं देठ चोखायला फार आवडतं, हे ह्यांनी पहिल्याच वर्षी कुठूनसं हेरलं होतं. तेव्हापासून वांग्याची भाजी असली की ताटाच्या कडेला एक देठाचं वांगं माझ्यासाठी राखलेलं असे. चातुर्मासात वांगं बंद, तेव्हा गुळाचा खडा. त्याबद्दल ना ते कधी बोलले, ना मी. दिवसभर मी त्या घासाची वाट बघायची. हसा हवं तर, पण माझा संसार म्हणजे तेवढाच होता.

लढाईच्या दिवसांत अमरावतीला एक डॉक्टर विलायतेहून शिकून आले. ह्यांनी सासऱ्यांची परवानगी काढून मला त्यांच्याकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, वजन केलं आणि भूक मारणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

"सकाळी एकच घ्यायची. संध्याकाळी घेतली तर झोप उडेल. छातीत धडधडलं तर लगेच बंद करून माझ्याकडे या. आणि बरं वाटतं म्हणून मनानं चालू ठेवायची नाही."

गोळीनं काम केलं, हे मी नाकारणार नाही. भूक अशी गेली की स्वयंपाकघरातला फोडणीचा वास नुसता वास राहिला. महिन्या-दीड महिन्यात चोळ्या सैल झाल्या. गुडघे गप्प बसले. जिना एका दमात चढू लागले आणि उत्साह इतका, की भांडी घासून झाली तरी पुन्हा घासायला घ्यावीशी वाटत. हळदीकुंकवातलं हसू थांबलं.

पण तोंडाला कोरड पडायची, झोप येईना, आणि चिडचिड तर विचारू नका. सासूबाई म्हणायच्या, "काहून वं, आजही भूक नाही? अशानं पडशील एखाद्या दिवशी." त्यांनी टोकू नये म्हणून मी ताट घेऊन मागच्या दारी जाऊन बसायची आणि सगळं गाईच्या घमेल्यात लोटून द्यायची. वांगंसुद्धा. ते तोंडाजवळ नेलं तरी मळमळायचं.

एकदा मी अशीच रिकामं ताट घेऊन गोठ्यात उभी होते आणि कोर्टात निघालेले हे सायकल घ्यायला तिथे आले. घमेल्यात त्यांचं वांगं होतं, देठासकट. त्यांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सासरे मागच्याच ओट्यावर बसलेले, मी बोलणार कशी? हे सायकल घेऊन निघून गेले. रात्री माडीवर सांगू, असं मी ठरवलं. पण रात्री ते कागदांत होते आणि मला विषय काढता आला नाही.

पुढे एके दिवशी छाती अशी धडधडायला लागली की मी चुलीजवळच बसले. पुन्हा अमरावती. डॉक्टरांनी नाडी धरली आणि गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. परतीच्या गाडीत ह्यांनी विचारलं, "आता बरं वाटते ना?" मी मान हलवली. डब्यात आजूबाजूला माणसं होती.

आठवड्याभरात भूक परत आली, आणि आली ती व्याजासकट. त्या दिवशी भरली वांगी होती. पुरुषांची पंगत उठेपर्यंत मला दम निघेना. ह्यांचं ताट ओढून घेतलं तर ते स्वच्छ पुसलेलं. कडेला काहीच नव्हतं. किती दिवसांपासून नव्हतं, कोण जाणे. मी तर त्या ताटाकडे बघायचंच सोडलं होतं.

मागून घ्यायची गोष्ट नव्हती ती. घरात दोन मुलं गेली तेव्हाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

माझा चेहरा बघून सासूबाईंना वाटलं, पोरीले भूक आवरत नाही. त्यांनी पातेल्यातली चांगली दोन वांगी निवडून त्या ताटात वाढली, देठासकट. मी ती खाल्ली. वजन पुन्हा वाढलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच ताटात जेवले आणि दर वेळी, वाढून घ्यायच्या आधी, त्याची कडा बघून घेत राहिले.