मिशीवाला फौजदार आणि माझी बरगडी

डॉक्टर म्हणाले, "प्लुरसी आहे." म्हणजे फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठतं आणि श्वास घेतला की बरगडीत सुरी फिरते. "बरेच महिने निजून राहावं लागेल. हयगय केलीत तर जिवावर बेतेल." सांगलीच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर माझ्या मनात एकच आलं: मी मेलो तर तो फौजदार सुटला!

तुमच्यावर हा आजार आला, तर माझं ऐका. जगायला काहीतरी कारण लागतं. माझं सांगतो.

बेचाळीस साली साताऱ्यात आमच्या तालमीच्या भिंतीवर मी रोज पेपरातल्या बातमीचं चित्र काढायचो. वाचता न येणारी माणसं बाजाराला आली की तिथं थांबायची. सकाळी कालच्या चित्रावर चुन्याचा हात मारायचा, वाळलं की तांबड्या मातीची काव आणि कोळशानं नवी बातमी. एकदा पोलिसांनी मोर्चावर केलेल्या गोळीबाराची काढली. मिशीला पीळ देत फौजदार आला. भर पेठेत माझ्याच हातात कुंचा देऊन म्हणाला, "पूस." मी पुसलं. तरी त्या मेल्यानं अंगावर पाण्याची बादली ओतली आणि तसंच कोठडीत टाकलं. तिथं जो खोकला लागला, तो शेवटी मला सांगलीच्या खाटेवर घेऊन गेला.

दवाखान्यात पाठीत सुई घालून पाणी काढतात, त्याला टॅपिंग म्हणतात. दुखतं. पण आपला नंबर येईपर्यंत बसणं त्याहून वाईट.

"चित्रं काढा, पण आडवं पडून. आणि राग आवरा," डॉक्टर म्हणाले. पहिलं ऐकलं. खाट व्हरांड्यात होती. जंतू मरावेत म्हणून भिंतीला तिथंही चुना लावायचेच. माझी बायको तारा पेपर वाचून दाखवायची आणि मी निजल्या निजल्या हात पोचेल तेवढ्यात बातमी काढायचो. बंगालात दुष्काळ पडला, तांदूळ दडवणाऱ्या व्यापाऱ्याला फौजदाराची मिशी. बॉम्ब पडले, वैमानिकालाही तीच. सकाळ झाली की रोगी विचारायचे, "आज फौजदार कुठं हाय रं?"

थंडीत शेजारच्या खाटेवर नवा रोगी आला. तोच! तीच प्लुरसी! देवा, तुझे लय उपकार!

त्यानं भिंत पाहिली आणि लाल झाला. "हे माझं तोंड आहे. पूस."

"मला उठायला बंदी हाय, सायेब. बादली तिथं हाय. तुमीच पुसा."

सगळे रोगी उठून बसले. त्यानं तोऱ्यात कुंचा उचलला. निम्मं पुसून झालं आणि धाप लागून तो मटकन खाली बसला. मिशीवर चुना ओघळला. तारा उठली.

"बस खाली," मी म्हणालो.

"आवं, माणूस हाय त्यो!" तिनं त्याला पाणी पाजलं. मी दिवसभर तिच्याकडे पाठ करून निजलो.

दुसऱ्या दिवशी पेपर बाजूला ठेवला. बादली, कुंचा आणि पांढऱ्या मिशीचा फौजदार, एवढीच बातमी काढली. सगळा व्हरांडा हसला. मीही हसलो, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरगडी दुखली नाही.

डॉक्टरांचे आणि ताराचे उपकार फिटायचे नाहीत. फौजदाराचेही मानतो. ताकदीसाठी डॉक्टर द्यायचे ते माशाचं घाण तेल मी रोज त्याचं तोंड आठवून गिळलं.

आता साताऱ्यात तालमीच्या भिंतीवर रोज बातमी असते आणि बातमीत मिशी. तारा म्हणते, "आता तरी सोडा की."

माफ केलेलं नाही. प्रकृती उत्तम आहे.