लाकूड रडाय लागलंय

"लाकूड रडाय लागलंय की!" असं म्हणत म्हातारबा ग्रिलचं झाकण फाडकन उघडत आणि पांढरा धूर पाहुण्यांच्या तोंडावर सोडून देत.

उचगावात आमच्या शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवर साहेबांनी गॅसचं ग्रिल आणलं होतं. एका बाजूचा बर्नर पेटवायचा, त्यावर लाकडाच्या ढलप्यांची लोखंडी डबी ठेवायची, दुसऱ्या थंड बाजूला मटण, आणि झाकण लावून तासन्‌तास धुरी. साहेब व्हिडिओ बघून ढलप्या पाण्यात भिजवत. मटण कडवट होई. मग त्यांनी गल्लीतल्या म्हातारबांना बोलावलं. हयातभर गुऱ्हाळाच्या चुलवाणात, काहिलीखालच्या भट्टीत, जाळ घातलेला माणूस. पहिल्याच रविवारी त्यांनी ढलप्यांची बादली तुळशीत ओतली.

"धूर निळा पायजे, सायेब. दिसला न्हाय दिसला असा. पांढरा म्हंजे लाकूड रडतंय. आन् रडक्याच्या हातचं कोन खातंय?"

हाताआधी जिभेनं चटका देणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ते 'पत्रकवालं पावणं' म्हणत. माझ्या बापानं जन्मभर चळवळीची पत्रकं वाटली, मी अक्षरं त्यांवरच गिरवली. "काय पावणं, आज कुनाचा धिक्कार?" असं विचारून पेरूच्या लाकडाच्या धुरातला कलेजीचा पहिला तुकडा ते माझ्या हातावर ठेवत. साहेबांच्या आधी.

साहेब पाहुण्यांना सांगत, "ह्यांचं नाक बघा. नुसत्या वासावर लाकूड ओळखतात." म्हातारबा कधी हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

एका दुपारी गच्चीवर गेलो तर गॅसचा वास घशात बसला. बटण उघडं, झाकण बंद, आणि म्हातारबा काडी ओढायच्या बेतात. मी हात धरला.

"वास येत नाही तुम्हाला?"

त्यांनी काडी पेटीत परत ठेवली. "नाक कवाच गेलंय. चुलवाणानं खाल्लं. मी डोळ्यानं धूर बघतोय. कुनाला बोलू नगा, पावणं. हितलं गेलं की मला इचारतंय कोन?"

मी कुणाला बोललो नाही. लिहिलं. 'धुरानं नाक खाल्लं, मालकानं मटण खाल्लं!' मथळा मला फार आवडला होता. सत्य दडपायचं नसतं, हे मी शिकलो होतो. गल्लीभर वाटलेल्या त्या पत्रकात नाव घातलं नव्हतं. गल्लीला नाव लागत नाही.

पुढच्या रविवारी साहेबांनी सगळ्यांसमोर म्हातारबांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. "सांगा बघू, बाभूळ का आंबा?"

डबीत दोन्ही नव्हतं. साहेबांनी जुन्या चपलेचा तुकडा टाकला होता. कातड्याच्या घाणीनं पाहुणे नाकं दाबून हसत होते, आवाज न करता. त्यांनी मान वर केली, लांब श्वास घेतला, जाणकारासारखा थोडा धरून ठेवला.

"आंबा. जुनं झाड हाय, सायेब. ग्वाड धूर सुटलाय."

मग मात्र हसण्याला आवाज फुटला. मी जिन्याच्या दारात उभा होतो. टॉवेल सुटल्यावर त्यांनी आधी काळ्या धुराकडे बघितलं, मग साहेबांच्या हातातल्या माझ्या पत्रकाकडे, मग माझ्याकडे.

"लई झकास लिवलंय, पावणं," ते म्हणाले. टॉवेलची नीट घडी घातली, कठड्यावर ठेवली आणि जिना उतरले. परत त्या गच्चीवर कुणी त्यांना बोलावलं नाही. ग्रिलवर प्लास्टिकचं कव्हर चढलं. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा आतून खोकला ऐकला आणि फिरलो.

वर्षाच्या आत ते गेले. स्मशानात साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. आमच्याकडे माणसाला शेणींवर, गोवऱ्यांवर जाळतात. धूर दाट होता, पांढराफेक.

रडायला लाकूडसुद्धा नव्हतं.