दादाची गाडी, सायलीची गाडी

सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि सायलीचा फोन आला. ती कधीच इतक्या लवकर फोन करत नाही. "आत्या, पप्पा उठत नाहीयेत," एवढंच म्हणाली. मी घणसोलीला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं होतं. माझा थोरला भाऊ, दिनूदादा, कुशीवर वळून शांत पडला होता... त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात, दोन शब्द बोलतात आणि हळूच विचारतात, "त्या गाडीचं काय करणार?"

ती गाडी म्हणजे अर्ध्या शतकापूर्वीची अमेरिकन, दोन दरवाजांची, लांबलचक नाकाची. आठ सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंग डावीकडे. नवी मुंबईसाठी आमच्या जमिनी गेल्या, मोबदला मिळाला तेव्हा गावात कोणी चाळ बांधली, कोणी टेम्पो घेतला. दादानं कळंबोलीत ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं आणि एका जुन्या बंगल्याच्या आवारात सडत पडलेली ही गाडी आणून दुकानामागच्या शेडमध्ये उभी केली. वहिनी बिचारी हसायची. पुढे ती गेली, सायली लहानाची मोठी झाली आणि हळूहळू ही गाडीच दादाची मन मोकळं करायची जागा झाली.

सायली इंजिनीअर झाली, गाड्यांच्याच कंपनीत लागली. तिनं स्वतःची गाडी घेतली ती अगदी नव्या जातीची. इंजिन दादाच्या इंजिनाच्या निम्म्याहून लहान, पण टर्बो लावलेलं, आणि पळायला त्याच्या गाडीपेक्षा जलद. चाक घसरू लागलं की आतला कॉम्प्युटर आधीच सावरून घेतो, हे ती मला कौतुकानं सांगायची. दादाला ते पटायचं नाही. "गाडीच सगला ठरवते, मंग तू कशाला हायस आत?" असं तो म्हणायचा. पण खरं भांडण ब्रेकवरून होतं. दादाच्या गाडीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. तापले की पकडत नाहीत, एका बाजूला ओढतात. ते बदला म्हणून सायली मागे लागली होती आणि मूळ गाडीला हात लावायचा नाही यावर दादा अडून बसला होता. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, तुमची गाडी पळते छान. पण ती थांबत नाही. एक दिवस मला पोलिसांचा फोन येईल." त्यानंतर तिनं घरी येणं जवळजवळ बंद केलं. दादा माझ्याकडे यायचा आणि तिचं नाव न काढता तासभर बसायचा.

मीच मध्ये पडले. दोघांना उलव्याकडच्या रुंद रस्त्यावर एका रविवारी सकाळी गाड्या काढायला लावल्या. दादानं सुरळीत नेऊन आणली तर सायलीनं विषय सोडायचा, नाहीतर दादानं हट्ट सोडायचा. मी दादाच्या शेजारी बसले, म्हणजे उजवीकडे, जिथे एरवी चालक बसतो. समोर स्टिअरिंग नाही, पायाखाली काही नाही. ओव्हरटेक करताना दादाला पुढचं दिसायचं नाही, म्हणून तो मला विचारायचा आणि मी वाकून बघून "जा" म्हणायचे. तो नुसता पाय टेकवायचा आणि गाडी पोटातून गुरगुरत पुढे झेपावायची. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. मागे आरशात सायलीची गाडी आवाज न करता येत होती.

वाटेत डंपरची रांग लागली. सारखं थांबत, निघत दादा पुलावर चढला. उतारावर रस्ता मोकळा दिसला तसा त्यानं वेग घेतला, आणि पुढच्या डंपरनं अचानक ब्रेक मारला. दादानं तापलेल्या ब्रेकवर पाय दाबला. गाडी मंदावली नाही. पेट्रोल आणि जळक्या रबराचा वास आला. डंपरची मागची फळी सरळ माझ्या तोंडावर येत होती आणि मी रिकाम्या जागेत दोन्ही पाय रोवत होते... दादानं गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढून त्यानं गाडी डावीकडे घातली आणि ती कडेच्या खडीच्या ढिगात घुसून आडवी थांबली. तिचं मागचं अंग अजून रस्त्यातच होतं. मी वळून पाहिलं तर सायलीची गाडी आमच्यावर येत होती. पण ती नाक खाली दाबून, जराही न वळता, सरळ रेषेत थांबली. आमच्यात हातभर अंतर राहिलं असेल.

दादा उतरला. स्वतःच्या गाडीकडे त्यानं पाहिलंही नाही. सायली स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती. तिच्या खिडकीशी वाकून तो म्हणाला, "तुज्या गाडीचं ब्रेक माज्या गाडीला बसतील काय?"

तिनं स्टिअरिंगवरचे हात सोडले. मग म्हणाली, "तेच नाही बसणार, पप्पा. पण दुसरे बसवू."

सायली पुन्हा घरी येऊ-राहू लागली आणि पुढचे कित्येक रविवार बाप-लेक शेडमध्ये होते. नवे डिस्क ब्रेक बसले, इंजिन मात्र तेच ठेवलं. ते तसंच राहू दे, असं सायलीनंच सांगितलं. तिच्या गाडीत पाय दाबल्यावर ताकद क्षणभर उशिरा येते आणि मग एकदम येते. इथे ती पाय दाबायच्या आधीच तयार असते, हे तिला स्वतः चालवल्यावर कळलं होतं. त्या वर्षी दादा मोकळेपणी हसला. तेवढंच एक वर्ष मिळालं.

गेल्या रविवारी मी कळंबोलीला गेले. सायलीनं गाडी बाहेर काढून एक फेरी मारली आणि शेडमध्ये आणून बंद केली. तिची स्वतःची गाडी ती चालता चालताच बटण दाबून लॉक करते, मागे वळूनही बघत नाही. इथे मात्र तिनं बसायला दोन रिकामे डबे उपडे घातले. बंद केलेलं इंजिन निवताना टिक टिक वाजत राहतं. ते थांबेपर्यंत दादा कधी शटर ओढायचा नाही, तिथेच बसून राहायचा. आम्हीही बसलो. टिकटिक विरळ होत होत थांबली. मी पदर सावरून उठले, शटरला हात घातला.

सायलीनं बॉनेटवर तळवा ठेवला. "बस ना आत्या," ती म्हणाली, "अजून गरम आहे."