टेंपोतली तक्रारीची तालीम

आमच्या संघटनेच्या पत्रकात मीच लिहिलं होतं, ‘चिखलातला ताप सगळ्यांना सारखाच येतो, मग दवाखान्याच्या खाटेवर मरतो तो आदिवासीच का?’ अजूनही तेच विचारते. वसईत बिल्डिंगमध्ये राहणारा हाच ताप, लेप्टो, होऊन घरी परततो, चिंचोटीच्या पाड्यावरचा परतत नाही. डॉक्टर म्हणतात, “हे लोक उशिरा येतात.” खोटं नाही, पण अर्धंच. वेळेत आलेलेही बाकावर बसून राहतात. पाड्यावर परक्यापुढे कुरकुर करायची पद्धत नाही. कसं वाटतंय विचारलं की उत्तर ठरलेलं, “बरा हाय.” घाईतला दवाखाना ते खरं मानून मोकळा!

लावणीच्या दिवसांत तिथली एक सून तापली. डोळे पिवळे, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की उभं राहवेना. टेंपो केला, नेहमीसारखा अर्धा पाडा चढला. म्हटलं, चला, डॉक्टरपुढे तक्रार करायची तालीम करू. मी डॉक्टर झाले.

“काय होतंय बाई?”

“बरा हाय,” सून पुटपुटली.

सगळे हसले. “अगं, अशानं मरशील!” मी ओरडले.

“ताई, तिच्यावर वरडू नको,” तिची सासू म्हणाली. “मला इचार.”

विचारलं. म्हातारीनं असा गळा काढला की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

“काय झाला?”

“काय नाय, अभ्यास चाललाय!” म्हातारी म्हणाली.

दवाखान्यात रखवालदारानं बाकीच्यांना दारातच अडवलं. आत आम्ही तिघी. नर्सबाईंनी मान वर न करता विचारलं, “काय होतंय?”

“बरा हाय,” सून म्हणाली. झालं! नर्सबाईंनी बाकाकडे बोट केलं.

“बरा कुठला?” सासू कडाडली. “डोला बघ तिचा, हलदीसारखा झालाय. सकालपासून लघवी नाय. बघत नाय तवर मी हितून हलायची नाय!”

आता मान वर झाली. डॉक्टर आले, खाट मिळाली, सलाईन लागलं. बिल्डिंगमधल्या बाईला यासाठी सासूचा गळा लागत नाही, हे मी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. त्यानंतर ते दर फेरीला आधी तिच्या खाटेपाशी थांबायचे.

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय, कसं वाटतंय?”

सुनेनं सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर सावरला.

“पंखा खडखडतो. डालीत नुसता पानी, मीठ नाय. आन् ही बाजूची बाय रातभर घोरते.”

“शिकली गो माझी सून!” सासू म्हणाली, आणि शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.